सोंडेवरची हाक

दोन उंच डोंगरांच्या बेचक्यात एक वस्ती होती. तिला ना पाटील, ना चावडी, ना शीव. धड नावसुद्धा नव्हतं. "तुमचं गाव कुठं संपतं हो?" असं कुणी विचारलं, की तिथली माणसं ऐटीत सांगायची, "हाक मारून बघा. जिथवर ओ येईल, तिथवर आमचं गाव!"

घरं ओढ्याच्या काठाकाठानं वरपासून तळापर्यंत विखुरलेली. वरच्या घरातून हाक आली की खालचं घर ती पुढं पाठवायचं. पण मधोमध डोंगराची एक सोंड दरीत आडवी घुसली होती. तिच्यापलीकडं आवाज म्हणून जायचा नाही. त्यामुळं सोंडेच्या टोकावर एक घर होतं. दोन्हीकडचं ऐकायचं आणि दोन्हीकडं पोचवायचं, हे त्या घरातल्या माणसाचं काम. लोक त्याला सोंडकरी म्हणत.

जागा मात्र भलतीच वाईट. दोन्ही डोंगरांची सावली नेमकी तिथंच पडायची. गारठ्यानं सोंडकऱ्याच्या बायकोचे गुडघे पार आखडले. बिचारीला चुलीपासून दारापर्यंत जाणंही जड झालं. शेवटी तो लोकांकडं गेला.

"माझ्या बायकोला ऊन हवंय. कुणीतरी वर्षभर माझ्या घरात राहा, मी तुमच्या घरात राहतो."

लोक हसायला लागले. तळातली एक बाई तर तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "अहो, आम्हाला कुठली गारठ्याची सवय! तुम्हाला आहे. तुम्ही आपले सोंडेवरच बरे."

झालं! सोंडकऱ्याचं डोकं फिरलं. वरच्या अंगाला उन्हातली एक पडीक जागा होती, तिथं त्यानं बिऱ्हाड हलवलं. "तुमच्या हाका आता तुम्हीच पोचवा!" असं सगळ्यांना सुनावून गेला. बायको उन्हात पाय पसरून बसायला लागली, हळूहळू काठी टेकत चालायलाही लागली. तो खूश झाला, आणि का होऊ नये?

एके दिवशी भरदुपारी वरच्या घरातून हाक आली, "लोंढा आलाऽऽ! ओढ्यातून बाहेर पडाऽऽ!" डोंगरमाथ्यावर ढगफुटी झाली होती. तळाला मात्र लख्ख ऊन. तीच हसणारी बाई लेकराला शेजारी बसवून ओढ्यात धुणं धूत होती. तिला काय ठाऊक!

सोंडकऱ्यानं हाक ऐकली. या वेळी ती बाई लेकराला घेऊन ओढ्यात असते, हे त्याला ठाऊक होतं, पण तो जागचा हलला नाही. "हसत होती ना? आता हस म्हणावं."

बायको काठी टेकत उठली. "अहो, शोभतं का हे तुम्हाला? राग तिच्यावर आहे, लेकरानं काय केलंय तुमचं? तुम्ही जाताय की मी जाऊ?" आणि ती खरंच चालायला लागली.

मग कसला राग आणि कसलं काय! धोतर सावरत तो धावत सुटला. सोंडेच्या टोकावर उभं राहून त्यानं बेंबीच्या देठापासून हाक मारली. खालून ओ आली. बाईनं धुणं तिथंच टाकलं, लेकराला काखोटीला मारलं आणि धापा टाकत काठ चढली. तिच्या डोळ्यांदेखत पाण्यानं धुणं ओढून नेलं.

संध्याकाळी सगळी वस्ती सोंडेवर जमली. सोंडकरी म्हणाला, "हाक मी जन्मभर पोचवीन. पण बायकोला या गारठ्यात परत आणणार नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. ती बाई पुढं झाली. "आणूच नका. आजपासून पाळी लावू. एकेका घरानं सोंडेवर राहायचं. पहिली पाळी माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोंडेवरच्या घरात उठली तेव्हा तिचे दात कडकड वाजत होते. "अगं बाई! ही माणसं इतकी वर्षं अशा जागी राहिली, आणि मी हसले?" तिला रडू आवरेना. तेवढ्यात वरून हाक आली. तिनं पदरानं डोळे पुसले, दमदार ओ दिली आणि खाली वळून हाक पुढं पाठवली.

तात्पर्य एवढंच, की सगळ्यांसाठी जो गारठ्यात उभा असतो, त्याला "तुला सवय आहे" असं म्हणू नये. त्याची पाळी आपण घ्यावी.