ऐंशी लाखांचं घर

अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या केळशीकर सरांनी म्हातारपणी सातव्या मजल्यावर घर घेतलं, आणि इमारत सहा वर्षं चौथ्या मजल्यावरच अडकून पडली. आयुष्यभराची पुंजी परत मागायला ते बिल्डर तावऱ्यांच्या ऑफिसात गेले खरे, पण घोकलेलं भाषण दारातच विसरले.

सोफ्यावर नवं बुकिंग करायला आलेलं एक जोडपं बसलं होतं. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने तावरे म्हणाले, "सर, चाळीस लाखांना घेतलेलं तुमचं घर आज ऐंशीचं झालंय. ते परत करणारा मूर्खच म्हणायचा!"

सरांना हे लगेच पटलं. स्वतःविषयीचं वाईट मत त्यांना नेहमीच पटायचं.

"मूर्ख तर मी आहेच," ते चाचरत म्हणाले, "नाहीतर तुमच्याकडे आलो असतो का? पण तुम्ही तर शहाणे. ऐंशीचं घर चाळिसात परत घ्या की! बसल्या जागी दुप्पट होतील."

तावऱ्यांनी घाईघाईने विषय बदलून सगळ्यांसाठी चहा मागवला. सोफ्यावरची बाई म्हणाली, "अहो, तुम्ही चाळिसातही घेत नाही, तर आम्ही ऐंशीला कशाला घ्यायचं?"

आठवड्याभरात सरांच्या खात्यात पैसे जमा झाले. तेव्हापासून त्यांना नवीच काळजी लागली आहे: आपण घर फार स्वस्तात तर नाही ना देऊन टाकलं?