चौथ्या भावाचा ओला फेटा

लिंबघाटचा गुरुद्वारा गोदावरीच्या काठावर आहे. लहानसा, चुन्याने पांढरा केलेला. मोठ्या पुरात पायऱ्या बुडतात, ओटा बुडत नाही. तिथे लग्नाला बाहेरगावची माणसे आली की दारातच त्यांना मोहरसिंग भेटतात. वय ऐंशीच्या पुढे, शेजारी रुमालांनी भरलेली वेताची टोपली. जोडे इथे काढा, हातपाय तिथे धुवा, डोके झाका, असे सांगून ते प्रत्येकाच्या हातात रुमाल ठेवतात. बायका पदर नाहीतर ओढणी घेतात. कपडे रेशमीच हवेत असे काही नाही; अंग झाकलेले असावे आणि जमिनीवर मांडी घालून बसता यावे, एवढेच. परभणीच्या एका जावयाने काळा सदरा चालेल का म्हणून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सदऱ्याचं राहू द्या, पाहुणे. आधी ती टोपी उतरवा, रुमाल बांधा."

एका पाहुण्याला मात्र मोहरसिंग रुमाल देत नाहीत. तो उघड्या डोक्याने दाराबाहेर थांबतो. मग नवरीची आई ओला फेटा घेऊन बाहेर येते आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला बांधते.

शिखांच्या लग्नात नवरानवरी गुरू ग्रंथसाहिबांभोवती चार फेरे घेतात. त्यांना लावां म्हणतात. नवरा पुढे चालतो, आणि त्याच्या खांद्यावरच्या पल्ल्याचे, म्हणजे उपरण्याचे, टोक धरून नवरी मागे. वाटेत तिचे भाऊ उभे राहतात आणि एकेक जण तिला हाताचा आधार देऊन पुढे सोडतो. लिंबघाटात असे चौघे उभे असतात. तिघे घरचे. चौथा, दाराजवळच्या कोपऱ्यातला, घरचा नसतो. ओला फेटा त्याचा. असे का, हे कुणी विचारले तर मोहरसिंग टोपली बाजूला सरकवतात.

मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या दिवसांतली गोष्ट, असे सांगतात. तेव्हा नदीवर पूल नव्हता. सटवाजी भोई नाव चालवायचा. काठावर हुकमसिंगांचे घर होते. त्यांची बायको ईश्वरकौर, मुलगा नारायणसिंग आणि धाकटी मुलगी बिशनकौर. नारायणसिंग पोहण्यात पटाईत. सटवाजीच्या नावेत वल्हे मारायला हौसेने जायचा.

एका श्रावणात बाजाराहून परतताना नाव मधल्या धारेत एका बाजूला कलली आणि माणसे पाण्यात पडली. नारायणसिंगाने उडी घेतली आणि एकेकाला धरून नावेच्या कडेशी आणले. सटवाजी वरून हात देऊन ओढून घेत होता. शेवटी एक लहान पोर राहिली. "आधी हिला घ्या," म्हणून नारायणसिंगाने तिला वर दिले. सटवाजीने तिला आत ठेवले आणि वळून पुन्हा हात पुढे केला, तेव्हा पाण्यावर कुणी नव्हते.

ईश्वरकौर रडली ती घराच्या आत. बाहेर ती एकच वाक्य बोलली, म्हणे: "सटवाजीचा हात उशिरा पोचला." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही आणि त्याच्या नावेतही बसली नाही. माहेरी जायचे तर दोन कोस चालून वरच्या घाटाने जायची. तिच्यापाशी मुलाचा एक फेटा राहिला होता, फिक्या निळ्या मलमलीचा. सणावाराला ती तो धुवायची, वाळवायची, घडी घालून ठेवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

सटवाजीने त्याच दिवशी मुंडासे नदीत सोडले. नारायणसिंग परत येईल तेव्हाच डोक्याला कापड लावीन, अशी शपथ त्याने घेतली. माणूस बुडालेला आहे हे त्याला कळत नव्हते असे नाही. पण शपथ घेताना माणूस हिशेब करत नाही. उन्हात, थंडीत, लग्नाकार्यात तो बोडक्या डोक्याने फिरू लागला. लोक हसले, मग त्यांना सवय झाली.

पुढे बिशनकौरचे लग्न ठरले. वऱ्हाड पैलतीराहून येणार होते, म्हणजे सटवाजीच्याच नावेतून. लग्नाच्या दोन दिवस आधी ती घाटावर गेली. तो नावेच्या फटी बुजवत बसला होता.

"सटवाकाका, लग्नाला यायचं. आत येऊन बसायचं."

"येतो की माय. बाहेर अंगणात उभा राहतो. बोडक्यानं आत कसं यावं?"

"टोपलीभर रुमाल असतात दारात."

"शपथ हाय."

बिशनकौर म्हणाली, "म्हणजे शपथ तुमची आणि शिक्षा मला. भाऊ गेला, काकाही बाहेरच. बरं आहे तुमचं."

सटवाजी पुन्हा फट ठोकू लागला. ती गेल्यावर बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आले, की बुजवलेलीच फट आपण पुन्हा पुन्हा ठोकत आहोत.

लग्नाच्या सकाळी त्याने वऱ्हाड उतरवले. प्रत्येक बाईला काठावर उतरताना हात दिला, कारण नाव हलते आणि काठ स्थिर असतो आणि त्या दोन्हींच्या मध्येच माणूस पडतो. भोयाचा हात तिथे आपोआप जातो. मग तो अंगणात, काढून ठेवलेल्या जोड्यांच्या रांगेपलीकडे जाऊन उभा राहिला. दार उघडे होते. आतले सगळे दिसत होते.

चुलत्यांची तीन मुले भाऊ म्हणून उभी होती. दाराजवळचा चौथा कोपरा रिकामा होता. तिथे उभा राहायला गावातला कुणीही तयार झाला असता. पण ईश्वरकौरने सांगितले होते, माझ्या नारायणच्या जागी कुणी उभे राहायचे नाही. तिला कोण समजावणार?

हुकमसिंगांनी पल्ल्याचे टोक मुलीच्या हातात दिले. पहिली लाव सुरू झाली. तीन कोपरे बिशनकौर नीट चालली. चौथ्या कोपऱ्यावर आधाराला कुणी नव्हते. तिथे तिचे पाऊल अडखळले, जड ओढणी पायात आली, ती सावरली. दुसऱ्या लावेला तिथेच तसे झाले. तिसऱ्यालाही.

ईश्वरकौर बायकांत बसली होती. मुलीकडे बघवेना म्हणून तिने नजर दाराकडे वळवली. तेव्हा तिला सटवाजी दिसला. बिशनकौर अडखळली त्याच क्षणी त्याचा उजवा हात पुढे गेला होता, तळवा वर, एखादी बाई नावेतून उतरत असावी तसा. मधे अख्खे अंगण आणि उंबरा. तो हात कुणापर्यंत पोचणार नव्हता, आणि तो पुढे केला आहे हे सटवाजीला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

ईश्वरकौर उठली. बायकांना वाटले, तिला सहन झाले नाही. ती सटवाजीच्या अंगावरून पुढे घराच्या परसात गेली. उजाडताना तिने नारायणसिंगाचा फेटा धुऊन दोरीवर टाकला होता, आजच्या दिवशी त्याचे काहीतरी स्वच्छ असावे म्हणून. तो अजून ओलाच होता. तो घेऊन ती परत आली आणि सटवाजीसमोर उभी राहिली.

आत तिसरी लाव संपली होती. नवरानवरी माथा टेकून उठली होती. पाठ वाचणाऱ्या ग्रंथींनी दाराकडे पाहिले आणि ते थांबले.

"हात पुढे केलायत," ईश्वरकौर म्हणाली, "तर आत येऊन करा."

"माझी शपथ हाय, बाई. तो आल्याबिगर..."

"हा त्याचाच आहे. माझ्याकडे तो इतकाच आला. तुमच्याकडेही इतकाच येईल."

असे म्हणून तिने फेट्याचा पदर त्याच्या कपाळावर टेकवला. सटवाजी उंच होता. तो गुडघ्यांवर बसला. तिने वेढे घातले, घाईने नाही, लहानपणी मुलाला बांधायची तसे, कानाच्या पाळ्या मोकळ्या सोडून. पाणी त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होते. तो रडला की नाही, हे सांगता येत नाही, म्हणे. चेहरा सगळाच ओला होता.

चौथ्या लावेला बिशनकौर दाराजवळच्या कोपऱ्यावर आली. सटवाजीने हात दिला आणि ती पुढे गेली.

महिनाभराने मुलीला भेटायला निघालेली ईश्वरकौर वरच्या घाटाला गेली नाही. ती सटवाजीच्या नावेत बसली, आणि पैलतीरावर उतरताना तिने त्याचा हात धरला.

आज नदीवर पूल आहे. नाव नाही, भोयांची मुले नांदेडला कामाला जातात. पण आजही लिंबघाटात लग्न निघाले, की चौथा भाऊ बाहेरचा शोधतात. कधी तो भोयांचा असतो, कधी बांगड्यावाल्या खाँसाहेबांचा मुलगा, कधी पुण्याहून आलेला नवरदेवाचा मित्र. नवरीची आई पहाटे फेटा धुते. ज्या घरातले कुणी गेलेले असते, तिथे तो त्या माणसाचा असतो, इतरांकडे नवा. मग दारात तो परका मुलगा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसतो आणि ती एकेक वेढा घालू लागते. कितीही वेळ लागला तरी आत ग्रंथी थांबतात, भजन गाणारे रागी थांबतात, नवरदेवाकडची माणसेही गप्प बसून राहतात. त्या बाईला लवकर आटप असे आजवर कुणी म्हटलेले नाही.