सारजाच्या खुराड्यातले पाहुणे

“मेल्यांनो, दुसऱ्याच्या पानातलं खाताना लाज नाही वाटत? घशाखाली उतरतं तरी कसं?”

एकदा काय झालं, सारजा नावाची एक बाई सकाळी परसात उभी राहून अशी ओरडली. कुणाला ओरडली? ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. परसात कुणी नव्हतंच. होतं फक्त कोंबड्यांचं खुराडं, आणि त्यात मातीचं परळ. पाणी आणायला जाताना तिने परळात कण्या भरल्या होत्या. घागर घेऊन आली, तर परळ चाटूनपुसून साफ. आणि कोंबड्या बघाव्यात तर उपाशी! कोपऱ्यात अंग चोरून उभ्या.

आता ही सारजा राहायची डोंगराखालच्या एका वाडीत. घरात नवरा भिवा, आणि एक लेक, गोदी. गोदी एवढीशी, पण जेवायला बसली की तोंड असं मिटायची, जशी कुंकवाची डबी. कोंबड्या दिसल्याशिवाय घास घ्यायची नाही. म्हणून सारजा तिला रोज खुराड्याशेजारच्या दगडावर घेऊन बसायची. वाडग्यात दूधभात. मोठ्याने म्हणायची, “हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा घास मैनेचा.” मग गोदी हसायची, तोंड उघडायची, आणि घास गट्ट! तुम्हालाही असंच भरवलंय बरं का. हसू नका.

खुराड्यात एक कोंबडी होती, चितळी. अंगभर पांढरे ठिपके. सारजा लग्न होऊन निघाली तेव्हा तिच्या आईने तिच्या मांडीवर एक टोपली दिली होती. त्या टोपलीत या चितळीची आजी होती. आता आई राहिली नव्हती, माहेरचं दार बंद झालं होतं, आणि त्या अंगणातली एवढी एकच कोंबडी उरली होती. ती अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघाली, तर आईच्या अंगणातलं काहीतरी सारजाच्या अंगणात नांदणार. नाही निघाली, तर संपलं.

मग सारजा दाराआड लपली. बघते तर काय, चिमण्या आल्या, कावळे आले, मैना आल्या. थेट खुराड्यात! वरून आल्या, फटीतून आल्या, दारातून तर अशा आल्या, जशा घरच्याच.

शेजारची ठकूआत्या कुंपणावरून हे सगळं बघत होती. तिला दुसरं कामच नव्हतं.

“काय गं सारजे, कुणावर ओरडत होतीस?”

“आत्या, पाखरं कण्या खातात हो. चितळी अंड्यांवरून उठते, तिला दाणा मिळत नाही. मग परसभर हिंडत बसते, आणि तोवर अंडी गार होतात.”

“मग बुजगावणं कर की! शेतात चालतं, ते परसात का नाही चालणार?”

मग सारजाने भिवाचा जुना सदरा काठीला घातला. वर मडकं उपडं घातलं. मडक्यावर चुन्याने डोळे काढले, हे एवढाले. आणि झालं काय, कोंबड्या भिऊन छपरावर चढल्या. पाखरं? ती नाही भ्यायली. एक मैना तर सदऱ्याच्या खिशात बसून ऐटीत कण्या खात होती.

भिवा म्हणाला, “माझ्यापेक्षा माझ्या सदऱ्याकडे जास्त पाहुणे येतात.”

“हसा तुम्ही!” सारजा म्हणाली.

मग आत्या म्हणाली, “जाळं टाक.” सारजाने मासे धरायचं जुनं जाळं खुराड्यावर पसरलं. चिमण्या त्याच्या भोकांतून सुळकन आत. कावळ्याने चोचीने कोपरा उचलला, मैनांना म्हणाला, या. अडकला कोण? कोंबडा! पहाटे आरवायला म्हणून त्याने मान उंच केली, तर तुरा अडकला. पाय मारला, पायही अडकला. ओरडायला गेला, तर चोचच अडकली. त्या दिवशी अख्खी वाडी उशिरा उठली, बरं का.

मग आत्या म्हणाली, “सगळं बंदच करून टाक.” सारजाने चारी बाजूंनी तट्ट्या बांधल्या. फटी शेणमातीने लिंपल्या. वारा जायला जागा नाही, उजेड जायला जागा नाही. पाखरं काही आत जाईनात. पण दुपारी तिने दार उघडलं, तर कोंबड्या चोची वासून धापा टाकतायत, आणि चितळी अंडी सोडून दाराशी येऊन पडलेली.

सारजा पुढे झेपावली. भराभर तिने तट्ट्या उपटल्या. अंडी हातात घेतली. कोमट होती. नुसती कोमट. तिने ती पदरात गुंडाळून पोटाशी धरली आणि वर बघितलं. कुंपणावर सगळी पाखरं ओळीने बसली होती.

“चोरांनो!” तिला रडूच आलं. “काय वाईट केलं मी तुमचं?”

आणि काय नवल, मोठा कावळा खाली उतरला आणि चक्क बोलला.

“चोर कुणाला म्हणतेस? आम्ही बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जात नाही.”

“बोलावलं? कुणी बोलावलं तुम्हाला?”

“तूच. रोज सकाळी. या दगडावर बसून.”

चिमणी पुढे आली. “हा घास चिऊचा, म्हणतेस ना? मी पिल्लांना घरट्यात ठेवून धावत येते. येते तो माझा घास हिच्या तोंडात!”

“माझाही!” मैना म्हणाली. “आणि वर ही गोदी माझ्याकडे बघून हसते.”

सारजाने त्या दगडाकडे बघितलं. तिच्या घरातून पाहुणा कधी पाणी न पिता गेला नव्हता. आणि इथे तिनेच नाव घेऊन पाहुणे बोलावले होते, रोज बोलावले होते, आणि कधी वाढलंच नव्हतं.

पण सारजा होती खमकी. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “चुकलं माझं. पण बोलावलं मी, उपाशी ठेवलं मी, तर भांडण माझ्याशी करायचं. माझ्या कोंबड्यांचं परळ का रिकामं केलंत? चितळीने तुम्हाला काही कबूल केलं होतं?”

कावळ्याने पायाने डोकं खाजवलं.

“ते आपलं… जवळ होतं,” तो म्हणाला. “तेही चुकलंच.”

मग सारजाने अंडी हळूच चितळीच्या पोटाखाली सरकवली. तिच्यासमोर मूठभर कण्या ठेवल्या. मग घरातून दूधभात आणला. खुराड्यापासून लांब, आवळ्याखाली एक सपाट दगड होता, त्यावर एकच घास ठेवला आणि म्हणाली, “हा घास चिऊचा, काऊचा आणि मैनेचा. खरोखरचा.”

एकच घास, आणि पाखरं एवढी! पण ऐका गंमत. चिमण्यांनी टिपला, घास तेवढाच. कावळ्यांनी टिपला, तरी तेवढाच. मैनांनी टिपला. सगळ्यांची पोटं भरली, तेव्हा कुठे शेवटचं शीत संपलं.

मग पाखरंच कामाला लागली. चिमणी म्हणाली, “हे भोक बघ, इथून मी येते.” मैना म्हणाली, “ही फट माझी.” कावळ्याने तर स्वतःची वाट दाखवताना मान खाली घातली. मग त्यांनी ओढ्यावरून सुगरण पाखराला बोलावून आणलं. त्याने लांब लांब गवत आणलं आणि सगळ्या भोकांवर अशी जाळी विणली, अशी विणली, की वारा आत जाईल, ऊन आत जाईल, पण पाखराची चोच काही जाणार नाही.

ठकूआत्या कुंपणावरून म्हणाली, “मी हेच सांगणार होते.”

मग काही दिवसांनी, एका सकाळी, खुराड्यातून आवाज आला. टक्. टक् टक्. सारजा धावली. चितळीच्या पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. मग आणखी. आणि एकाच्या पाठीवर, अगदी बारीक, पांढरे ठिपके! सारजा तिथेच जमिनीवर बसली, आणि हसता हसता रडली.

तेव्हापासून कोंबड्या खुराड्यात सुखाने राहिल्या, पाखरं आवळ्याखाली सुखाने जेवली, आणि सारजाने ज्याचं नाव घेतलं त्याला घास दिला. चला, आता पाय गोधडीत घ्या. डोळे मिटा. मिटले? मग एवढंच राहिलं, ते मिटल्या डोळ्यांनी ऐका.

एके दिवशी गोदीने शेवटच्या घासाला तोंड घट्ट मिटलं. चिऊचा झाला होता, काऊचा झाला होता, मैनेचाही झाला होता. सारजाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, आणि म्हणाली, “हा घास वाघो…”

“अगं बाई, थांब!” खुराड्यातून कोंबडा ओरडला. “त्याला नको बोलावूस! त्याचा घास म्हणजे मीच!”