चिमाच्या डब्यात पाचवा वाटा

हळू बोला. चिमा रागावलीये!

कोण चिमा? चिमा चिचुंद्री. भुईमुगाच्या शेताला बांध, बांधाखाली बीळ, बिळात चिमा. एवढीशी. अंगठ्याएवढी. नाक लांब आणि राग त्याहून लांब!

चिमाची तीन पोरं. चंपी, झंपी आणि बारकी ठुमकी. आणि पोरांचे बाबा. पोरं जातात शाळेत. बाबा जातात बीळ खणायला. दुपारी घंटा होते, टण टण टण! मग सगळे वडाखाली बसतात. आईच्या डब्याची वाट बघतात.

चिमा मोठी काटकसरी. भाकरी एक. चतकोर चार. एक बाबांचा. एक चंपीचा. एक झंपीचा. एक ठुमकीचा. झालं! सांडलं नाही, उरलं नाही.

आज चिमानं भाकरी केली, थप थप थप. चार चतकोर केले. फडक्यात बांधले. आणि बघते तर काय? डबाच नाही!

डबा कुठे गेला? काल चिमानं शेजारच्या खारकाकूला डब्यातून ठेचा दिला होता. "सकाळी डबा परत दे हं," म्हणाली होती. सकाळ झाली. ऊन वर आलं. डब्याचा पत्ता नाही.

मग फडक्यातच न्यायची ना भाकरी? छे! परवा नेली, तर मुंग्या लागल्या. पोरं उपाशी राहिली. ठुमकी तर भोकाड पसरून रडली.

चिमाचं नाक झालं लाल. फडकं घेतलं पाठीवर. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, चिक् चिक् चिक्!

"खारकाकू, खारकाकू, माझा डबा दे!"

"अगं बाई, रिकामा डबा कसा देऊ? शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नसतो. आत काहीतरी घालायचं असतं."

"मग घाल की काहीतरी!"

"घरात काही नाही गं. भुईमुगानं शेंगा दिल्या, तर घालीन. मग देईन."

"मला रिकामाच दे!"

"शी शी शी! लोक काय म्हणतील?"

लोक! पोरं उपाशी, आणि काकूला लोकांची काळजी! चिमानं पाय आपटला. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, चिक् चिक् चिक्!

"भुईमूगभाऊ, भुईमूगभाऊ, शेंगा दे!
खारकाकू डबा देईना,
डबा नाही, पोरं उपाशी,
राग माझ्या नाकाच्या शेंड्याशी!"

भुईमूग म्हणाला, "शेंगा आहेत खाली. पण मातीनं घट्ट धरल्यात. माती सोडील, तर देईन."

चिमाची शेपटी झाली ताठ. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, चिक् चिक् चिक्!

"मातीमावशी, मातीमावशी, शेंगा सोड!
भुईमूग शेंगा देईना,
खारकाकू डबा देईना,
डबा नाही, पोरं उपाशी,
राग माझ्या नाकाच्या शेंड्याशी!"

माती म्हणाली, "मी वाळून झालेय दगड. मूठ उघडू कशी? पाटाचं पाणी आलं, तर सोडीन."

चिमाच्या मिशा लागल्या थरथरायला. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, चिक् चिक् चिक्!

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड!
माती शेंगा सोडेना,
भुईमूग शेंगा देईना,
खारकाकू डबा देईना,
डबा नाही, पोरं उपाशी,
राग माझ्या नाकाच्या शेंड्याशी!"

पाट म्हणाला, बुडुक बुडुक, "वाहू कसा? म्हैस बसलीये माझ्यात. ही आडवी! म्हैस उठेल, तर वाहीन."

खरंच की. पाटात म्हैस. काळीभोर. ढिम्म. अलीकडे पाणी तुंबलेलं, पलीकडे कोरडं ठाक. चिमानं डोळे वटारले. म्हशीच्या नाकासमोर उभी राहिली. चिक् चिक् चिक्!

"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ!
पाट वाहेना,
माती शेंगा सोडेना,
भुईमूग शेंगा देईना,
खारकाकू डबा देईना,
डबा नाही, पोरं उपाशी,
राग माझ्या नाकाच्या शेंड्याशी!"

म्हशीनं एक डोळा उघडला. "कोण बोललं?"

"मी! खाली बघ!"

"हं. मी बाई कुणाचं ऐकत नाही. हौसाआत्या हाक मारील, तर उठीन." आणि म्हशीनं डोळा मिटला. फुर्र्र!

फुर्र्रनं चिमा उडाली. धप्पकन पडली. उठली. फडकं झटकलं. आता मात्र कान पण लाल! तुरुतुरु तुरुतुरु, चिक् चिक् चिक्!

बाभळीखाली हौसाआत्या बसली होती. म्हैस तिचीच. डोक्याला हात लावून बसली होती.

"हौसाआत्या, हौसाआत्या, हाक मार!
म्हैस उठेना,
पाट वाहेना,
माती शेंगा सोडेना,
भुईमूग शेंगा देईना,
खारकाकू डबा देईना,
डबा नाही, पोरं उपाशी,
राग माझ्या नाकाच्या शेंड्याशी!"

हौसाआत्या म्हणाली, "कशी मारू गं हाक? पोटात कावळे ओरडतायत. तोंडातून आवाज फुटत नाही. आधी घासभर खायला हवं."

"मग खा की! डबा कुठाय तुझा?"

"पहाटे उठले. सहा जणांचे डबे भरले. ह्यांचा भरला, पोरांचे भरले, सासूबाईंचा भरला. माझाच भरायचा राहिला."

"राहिला म्हणजे? असा कसा राहिला?" चिमा ओरडली. "काल?"

"काल पण राहिला."

"परवा?"

हौसाआत्यानं नुसती मान डोलावली.

चिमा इतकी चिडली, इतकी चिडली, की जागच्या जागी गोल गोल फिरली. मग पाठीवरचं फडकं सोडलं. "घे! माझ्यातली घे. हा चतकोर बाबांचा. हा चंपीचा. हा झंपीचा. हा ठुमकीचा. यातला मी माझा तुला..."

चिमा थांबली.

"तुझा कुठला गं?" हौसाआत्यानं विचारलं.

चिमानं पुन्हा बघितलं. बाबांचा. चंपीचा. झंपीचा. ठुमकीचा. फडकं झटकून बघितलं. पाचवा नव्हताच! आज नव्हता. काल नव्हता. परवाही नव्हता.

आता चिमाचा राग कुठे होता? नाकात होता, कानात होता, शेपटीत होता. पायाच्या नखात पण होता!

तिनं चारही चतकोरांचा एकेक घास मोडला. चार घास हौसाआत्यापुढे ठेवले. "खा आधी. मग ओरड. जोरात ओरड. माझ्या वाटचं पण ओरड!"

हौसाआत्यानं चार घास खाल्ले. वर तांब्याभर पाणी प्यायली. उभी राहिली. पदर खोचला. आणि केवढ्यांदा ओरडली!

"हुर्र्र! ऊठ गं ए भवाने!"

म्हैस उठली, धडपड धडपड!
पाट वाहिला, खळखळ खळखळ!
माती भिजली. मूठ सुटली.
भुईमुगानं शेंगा दिल्या, टपाटप टपाटप!
खारकाकूनं डब्यात शेंगा भरल्या, खुळखुळ खुळखुळ!

"घे गं बाई तुझा डबा. बघ, रिकामा नाही दिला!"

चिमानं डबा घेतला. नाक वर केलं. "काकू, शेंगा चांगल्या आहेत. पण पुढच्या वेळचं ऐक. रिकामा दिलास तरी चालेल. सकाळी दे!"

खारकाकू एवढंसं तोंड करून म्हणाली, "बरं बाई."

चिमा घरी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु! शेंगा फोडल्या, फट फट फट. दाणे भाजले, तड तड तड. मीठ घातलं. मिरची घातली. आणि कुटायला बसली.

रिकामा देत नाही म्हणे! कुट कुट!
लोक काय म्हणतील म्हणे! कुट कुट!
माझाच राहिला म्हणे! कुट कुट कुट कुट कुट!

चटणी झाली. लालभडक. झणझणीत. चिमानं डबा भरला. झाकण लावलं, टक्!

टण टण टण! घंटा झाली. वडाखाली सगळे बसले. चिमा आली धापा टाकत. डबा उघडला. चार चतकोर होते ना? चिमानं ते मोडले. सगळे एकत्र केले. पुन्हा वाटे घातले. प्रत्येक वाट्यावर चटणी.

ठुमकी बोट ठेवून बघायला लागली. "हा बाबांचा. हा चंपीचा. हा झंपीचा. हा माझा." मग तिचं बोट थांबलं. "आई, हा कुणाचा?"

"माझा!" चिमा ओरडली.

केवढ्यांदा ओरडली! वडावरचे पोपट उडाले. पाटाकाठची म्हैस दचकली. बाबा लगेच सरकले. चंपी सरकली. झंपी सरकली. चिमाला मधोमध जागा झाली.

चिमा बसली. तिनं पहिला घास खाल्ला. चटणी तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं. दुसरा घास खाल्ला. नाक थोडं कमी लाल झालं. तिसरा घास खाल्ला. कान पण कमी लाल झाले.

आणि ठुमकी काय म्हणाली? "आई, उद्या पण पाच हं!"

भाकरी खाल्ली, डबा रिकामा. गोष्ट सांगितली, तोंड रिकामं. आता सांगा, तुमच्या आईचा डबा भरला का?