बिल्ल्याखालची खाच

एका माळावरच्या गावात हौसाबाई नावाची एक मेंढपाळीण राहत होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं हुशार आहेत, गोष्ट आपलीच आहे हे त्यांना लगेच कळेल.

हौसाबाईचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांची मेंढरं राखण्यात गेलं होतं. कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे ती लांबून नुसतं तोंड बघून सांगायची. तिच्या हाताखाली वाढलेली मेंढरं बाजारात भाव खाऊन जायची आणि त्यांचे मालक मिशीवर हात फिरवायचे. हौसाबाईला मिशी नव्हती आणि कळपही नव्हता. पण एक हट्ट होता, की मरायच्या आधी एकदा तरी स्वतःच्या मेंढरांमागे चालायचं.

पोटाला चिमटा घेऊन तिने अखेर थोडी मादी कोकरं आणि एक नर विकत घेतला. कळप म्हणावा की नाही असा तो कळप होता. तिचे दीर म्हणाले, "बाईच्या नावावर कुठं मेंढरांची खांड असती व्हय?" हौसाबाई थेट जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि डॉक्टर मुलाणी मॅडमना म्हणाली, "मॅडम, माज्या नावावर मेंढरं करायची हायत. काय काय लागतंय?"

मुलाणी मॅडम नव्याने बदलून आल्या होत्या आणि अजून कुणावर वैतागत नव्हत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. ग्रामपंचायतीचा दाखला हवा, आधार कार्ड हवं, फोटो हवा. मेंढरं कुठे बसवणार त्या जागेचा कागद हवा. मग प्रत्येक मेंढीच्या कानात नंबराचा पिवळा बिल्ला मारला जाईल आणि तो नंबर मालकाच्या नावावर चढेल. लस टोचली की त्या नंबरावर नोंद. मेंढी विकली, मेली किंवा बिल्ला पडला, तर येऊन कळवायचं.

हौसाबाईने दाखल्यासाठी पंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या. कधी साहेब जागेवर नसत, कधी शिक्का जागेवर नसे. दोघं एकाच दिवशी सापडले तेव्हा तिचं काम झालं. सगळे कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून घराच्या आढ्याला टांगले. पाहुणा आला की चहाच्या आधी ती पिशवी खाली यायची.

गावातली सगळ्यात मोठी खांड मायाप्पाची होती. मायाप्पा वयाने मोठा, सगळे त्याला मामा म्हणत. त्याला या बिल्ल्यांचं हसू यायचं. त्याच्या घराण्याची रीत वेगळी होती. कोकराच्या उजव्या कानाच्या खालच्या कडेला चाकूने नखाएवढी खाच करायची, की ते मायाप्पाचं. तो म्हणायचा, "माज्या आज्याला खाच पुरली, मला बी पुरती. मेंढराला नंबर लावाया ती काय मोटार हाय?"

आता ज्या दिवशी घोटाळा झाला त्या दिवसाकडे येऊ.

लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवायची असतात. गावच्या ओढ्यावर एक डोह आहे, तिथे सगळ्यांची मेंढरं एकदम उतरतात. त्या दिवशी मायाप्पाची खांड आणि हौसाबाईची कोकरं पाण्यात एकच झाली. पलीकडच्या काठाला कुत्री भुंकली, थोडी पळापळ झाली. मग ज्याने त्याने आपापली मेंढरं निवडून घेतली, कातरणी केली आणि उघडीबोडकी, एकसारखी दिसणारी कोकरं घेऊन हौसाबाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर झाली.

एरवी तोंडावरून मेंढरू ओळखणाऱ्या या बाईने त्या सकाळी फक्त आकडा मोजला. आकडा बरोबर भरला. तिचं लक्ष मेंढरांकडे नव्हतं, बघायला जमलेल्या लोकांकडे होतं. मुलाणी मॅडम प्रत्येक कोकराचा कान धरत आणि विचारत, "ही तुमचीच ना?" हौसाबाई दिरांकडे बघत मोठ्याने म्हणे, "माजीच."

चिमट्याचा आवाज होई आणि बिल्ला बसे. हौसाबाईच्या छातीत काहीतरी भरून येई. बरोबरच आहे. इतकी वर्षं तिने हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

त्या कोकरांतलं एक फार देखणं निघालं. वर्षभरात त्याची मेंढी झाली, रुंद पाठीची आणि दमदार चालीची. हौसाबाईने तिचं नाव लाडी ठेवलं. लाडी गाभण राहिली तेव्हा हौसाबाईने शेजारणींना गूळ वाटला.

आणि नेमका तेव्हाच मायाप्पा दारात आला. म्हणाला, "हौसा, ही मेंढी माजी हाय. हिच्या आयेचीच चाल हाय हिला. डोहावर माजं एक कोकरू कमी झालं व्हतं. मी समजलो, लांडग्यानं न्हेलं."

हौसाबाईने पिशवी खाली काढली. "मामा, कागद बगा."

प्रकरण दवाखान्यात गेलं. मुलाणी मॅडमनी बिल्ल्याचा नंबर वाचला, नोंद बघितली आणि सांगितलं की ही मेंढी हौसाबाईंच्या नावावर आहे. मायाप्पा म्हणाला, "खाच बगा की. बिल्ल्याच्या खाली असंल."

बिल्ला कानाच्या कडेला घट्ट बसला होता. तो कापल्याशिवाय खालचं काही दिसण्यासारखं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मालकाने सांगितल्याशिवाय मला बिल्ला कापता येत नाही. हौसाबाई, कापून बघायचा का?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. दीरही होते. हौसाबाई म्हणाली, "कशाला? कागद हाय की."

मायाप्पा उठून गेला. गावात त्याची चेष्टा झाली. पोरं त्याला बघून एकमेकांचे कान चाचपू लागली. हौसाबाई मात्र त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालत घरी गेली. दीर बाजूला झाले, आणि खरं सांगायचं तर तिला ते गोड वाटलं.

पुढे एकदा चरताना लाडीचा बिल्ला बाभळीच्या काट्यात अडकला. तिने हिसडा दिला, कान थोडा फाटला आणि बिल्ला गळून पडला. हौसाबाईने तिला मांडीशी धरलं, रक्त पुसलं, हळद लावायला कान उलटा केला आणि तिचा हात थांबला.

कानाच्या खालच्या कडेला नखाएवढी खाच होती.

म्हणजे त्या दिवशी डोहापलीकडे कुत्री भुंकली ती उगाच नव्हे. लांडग्याने नेलं ते तिचं कोकरू होतं, आणि आकडा भरून काढला तो मायाप्पाच्या कोकराने.

तिचा नवरा धुळाप्पा जवळच होता. भला माणूस, पण भानगडीला भिणारा. त्याने खाच बघितली, मग इकडेतिकडे बघितलं. "तुला दिसलं, मला दिसलं. तिसऱ्याला कुठं दिसलंय? त्याच जागी नवा बिल्ला मारून घे. नंबर तुज्याच नावावर हाय. मामा तर आता इचारायचं बी सोडून बसलाय."

"नंबर माज्या नावावर कुणी चढवला?" हौसाबाईने विचारलं.

"मॅडमनी."

"मॅडमनी न्हाई. मी 'माजीच' म्हनलं, म्हनून चढला. त्या कागदानं माज्या तोंडावर इस्वास ठेवला. आता तो कागद मी कुणाला दावू?"

धुळाप्पा म्हणाला, "भाऊ हसतील. म्हनतील, बाईला खांड झेपली न्हाई."

ते मात्र खरं होतं, आणि हौसाबाईला ते मेंढी गमावण्यापेक्षा जास्त लागत होतं. लाडीच्या पोटात कोकरं होती. छोट्याशा कळपाची सगळी शोभा तिच्यामुळे होती. पण गेली तर एक मेंढी जाणार होती. तोंडातला शब्द गेला तर उरलेल्या मेंढरांना तरी ती कुठल्या तोंडाने आपली म्हणणार होती?

बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर गर्दी असते. हौसाबाईने तोच दिवस निवडला. मायाप्पाला निरोप धाडला आणि लाडीला दोरीने धरून, पिशवी बगलेत मारून ती चारचौघांसमोर उभी राहिली.

"मॅडम, ही मेंढी मायाप्पा मामांची हाय. माजी न्हाई."

मुलाणी मॅडमनी कान बघितला. त्यांना हौसाबाईची मेहनत ठाऊक होती. त्या हळूच म्हणाल्या, "कान काट्याने फाटलाय, हौसाबाई. ही खाचही काट्याचीच असेल."

"न्हाई मॅडम. काट्यानं फाटलंय ते बिल्ल्याच्या भोकापाशी, अजून वलं हाय. ही खाच जुनी हाय, कडा भरून आलीया. चाकूची हाय, आन् चाकू मामांचा हाय."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "मग तुमच्या नावावरून नंबर काढायचा अर्ज करावा लागेल. त्यात कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

दीर कोपऱ्यात उभे होते. एकाने तोंडावर उपरणं धरलं. हौसाबाईने त्यांच्याकडे बघितलं, आणि बिल्ले मारताना लावला होता तसाच आवाज लावून म्हणाली, "लिवा, हौसाबाईनं न बगता सांगितलं. आन् बिल्ला कापून बगायची येळ आली तवा बगू दिलं न्हाई, हे बी लिवा."

मॅडमनी लिहिलं. हौसाबाईने सही केली. उपरण्याखालचं हसू कधी विरलं ते दिराला स्वतःलाही कळलं नाही.

लाडीच्या गळ्यातली दोरी सोडून हौसाबाईने तिला मायाप्पाच्या हवाली केलं. तो म्हणाला, "हौसा, वर्षभर तू चारलंस, तू जपलंस. आपल्यात अर्धलीची रीत हाय. दुसऱ्याचं मेंढरू सांभाळलं की निम्मी कोकरं सांभाळणाराची. हिला जी कोकरं व्हतील त्यातलं एक तुजं."

हौसाबाईला कोकरू हवं होतं. का नसावं? पण ती म्हणाली, "मामा, अर्धलीनं घेतली असती तर हक्कानं मागितलं असतं. ही माज्याकडं चुकून आली, आन् माज्या तोऱ्यानं ऱ्हायली. तोऱ्याला वाटा नसतो."

मोकळी दोरी खांद्यावर टाकून ती घरी निघाली. याही वेळी रस्त्याच्या मधोमध. धुळाप्पा नेहमी मागे रेंगाळत चालायचा. त्या दिवशी तो तिच्या शेजारून चालला, आणि समोरून येणाऱ्याला आपणहून सांगत सुटला की ही माझी बायको.

गावाने काही दिवस गंमत केली, पण तीत जोर नव्हता. आणि पुढच्या वेळी बिल्ले मारायला मॅडम गावात आल्या तेव्हा मायाप्पा स्वतःची सगळी खांड घेऊन आला होता. लोक चकित झाले. मॅडमनी चिमटा उचलला तसा तो म्हणाला, "जरा थांबा. बिल्ला तुमचा, पर आदी हौसाचा हात फिरू द्या कानावरनं. ती 'मामाचीच' म्हनली की मगच मारा."

तेव्हापासून त्या गावात तशीच रीत पडली. कुणाचंही मेंढरू असो, बिल्ल्याआधी हौसाबाई कान उलटून बघते. दीरही आपली मेंढरं तिच्यापुढेच आणतात, आणि रांगेत मुकाट्याने उभे राहतात. बाजारात तिच्याकडून मेंढी घेणारे कागद मागत नाहीत. ती तरीही पिशवी उघडून दाखवते.

तिचा कळप आता कळप म्हणण्याइतका झाला आहे. नव्या कोकराची पाळी आली की मुलाणी मॅडम आजही विचारतात, "ही तुमचीच ना?"

हौसाबाई आधी वाकते. कान चाचपते, तोंड बघते. मग ताठ उभी राहते आणि सांगते, "माजीच."

तात्पर्य: कागदाला वजन येतं ते माणसाच्या शब्दाने. म्हणून 'माझं' म्हणण्याआधी नीट बघावं. आणि चुकलं तर ज्या चारचौघांत मिरवलं, त्यांच्यासमोरच ते कबूल करावं. अशा माणसाची मान कधी खाली जात नाही.