बूच नसलेली कुपी

एका राज्यात, जिथे वाऱ्यालाही वाहण्याआधी परवानगी घ्यावी लागे, स्थिरसेन नावाचा राजा होता. हालचालीचा त्याला भारी तिटकारा. झेंडा फडफडला की याच्या कपाळाला आठी. एके सकाळी त्याने खर्जट नावाच्या जादूगाराला आज्ञा केली, "सारं जागच्या जागी राहू दे!"

जादूगाराने कणाकणातली चाल काढून घेतली. नदी उभी राहिली. चुलीवरचा धूर खांबासारखा ताठ झाला. राजा सिंहासनावर थिजला आणि जादूगारही दोन्ही मुठी वळून थिजला, कारण तोही कणांचाच होता.

हलत होती एकटी दवणा, अत्तर गाळणाऱ्या गंध्याची लेक. जन्माची भित्री, पाल चुकचुकली तरी दचकायची. तिचे बाबा भट्टीपुढे बसल्या जागी गोठले होते. छातीवर कान ठेवला, तर आत काहीच नाही.

"तुझी थरथर मंत्राला उपसून संपली नाही," दारातून आवाज आला.

दवणा दचकलीच. दारात भारद्वाज पक्षी उभा होता. परराज्यातून आला होता. वारा थिजलेला, म्हणून पायी.

"पक्षीराज, माझे बाबा!"

"दिवस मावळायच्या आत श्वास फिरला नाही, तर दगड होतील. चाली तीन आहेत. जादूगाराच्या डाव्या मुठीतली दगडाला दे, उजवीतली पाण्याला."

"आणि तिसरी?"

"ती वाऱ्याची. तुझ्याच घरी, बाबांच्या वाळ्याच्या अत्तराच्या कुपीत दडवलीय. गंध्याची कुपी कधी उघडी राहत नाही, हे जादूगार जाणून होता."

दवणा राजवाड्यात धावली. तिच्या थरथरत्या बोटांनी डावी मूठ सैल झाली. पहिली चाल तिने पायरीच्या दगडावर सोडली. दगडातले कण एकमेकांचे हात घट्ट धरून होते; जागा न सोडता ते जागच्या जागी थरथरू लागले. उजव्या मुठीतली चाल तिने नदीत सोडली. पाण्याच्या कणांनी हात सैल केले, पण साथ सोडली नाही. एकमेकांच्या अंगावरून घसरत ते निघाले. नदी वाहू लागली.

ऊन कलत होतं. घरी येऊन दवणाने बारा वर्षं मुरलेल्या अत्तराची कुपी उघडली. आतून फुस्स झालं. ती दचकली आणि लहानपणापासूनच्या सवयीने तिने चटकन बूच लावून टाकलं.

"अगं वेडे!" पक्षी ओरडला. "हे कण कुणाचा हात धरणारे नव्हेत. यांना सारं आकाश हवं!"

"पण बाबांचं अत्तर उडून जाईल! बारा वर्षांचं!"

"मग बाबांचा श्वासही ठेव कोंडून."

दवणाने डोळे मिटले. बूच उपटलं आणि खिडकीतून सरळ नदीत भिरकावलं. वाळ्याचे कण सुटले, कोपऱ्याकोपऱ्यात धावले. वाटेत धुराचा खांब मोडला, पानं हलली, दूर महालावर झेंडा फडफडला. आणि भट्टीपुढे, कुणी कुपी जवळ नेली नसताना, बाबांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी भला मोठा श्वास घेतला.

"दवणे," ते खेकसले, "बूच कुठंय?"

"नदीत, बाबा," ती म्हणाली आणि इतकी हसली की दचकायचंही विसरली.

राजाने पुन्हा कधी कशाला थांबवलं नाही. त्या गावचे गंधी अजून वर्षातून एक दिवस कुपी उघडी ठेवतात, आणि त्या दिवशी सारं राज्य पोटभर श्वास घेतं.