नीरपूरची बोलती दारे

एका राज्यात शामला नदीच्या काठी नीरपूर नावाचे नगर होते. राजा दूर राजधानीत राही. नगराचा कारभार नगरपाल पाही, आणि नगरपाल कोण, हे नीरपूरची माणसेच ठरवीत. निवडीच्या दिवशी सारे चौथऱ्यापाशी जमत. एकेक जण वर चढे, सर्वांदेखत एकाचे नाव घेई आणि खाली उतरे. ज्याचे नाव अधिक वेळा येई, तो नगरपाल.

असा एक नगरपाल होता गुणाकर. मनाचा भला, शब्दाचा पक्का. त्याची एकुलती लेक भानुमती.

एके वर्षी दुष्काळ पडला. तेव्हा परमुलखातल्या एका पेढीने गाड्या भरभरून धान्य पाठवले. पेढीचा मालक कुणी पाहिला नव्हता. धान्याबरोबर आला तो तिचा मुनीम, गोड बोलणारा आणि मंत्र जाणणारा. नगर जगले. उपकार कसे फेडू, असे गुणाकराने विचारले, तेव्हा मुनीम म्हणाला, "फेड नको. पेढीला आपली म्हणा. चौथऱ्यावर तिलाही एका मताचा हक्क द्या."

ज्याने जेवू घातले, त्याला पंगतीतून उठ म्हणायचे कसे? आणि एका मताने काय बिघडते? गुणाकराने शब्द दिला.

मुनिमाने पेढीच्या नावाने नदीकाठच्या माळावर सागवानी दार उभे केले. मागे घर नाही, बाजूला भिंत नाही, नुसते दार. त्याने मंत्र म्हटला. त्याच घटकेला गुणाकर आपल्या ओट्यावरून लेकीला जेवायला हाक मारीत होता. "भानू," एवढे म्हणाला, आणि पुढचा शब्द निघेना. इकडे माळावरचे दार त्याच्याच आवाजात बोलले, "मी गावचाच."

गुणाकर पुन्हा कधी बोलला नाही.

मग पेढीला पोटपेढ्या झाल्या आणि पोटपेढ्यांनाही पिले झाली. प्रत्येकीला एक दार, प्रत्येक दाराला एक मत. आवाज काही वाऱ्यावर उगवत नाही. एक दार बोलू लागले की नगरातले एक माणूस मुके होई. यमुना कुंभारणीने उभ्या जन्मात कुणाला गोड शब्द दिला नव्हता. तिच्या आवाजात एक दार "यावे, बसावे" म्हणू लागले, तेव्हा लोक हसले. नंतर हसायला आवाज उरले नाहीत.

निवड आली. मुक्यांना नाव घेता येईना. दारांनी मुनिमाचे नाव घेतले, आणि मुनीम नगरपाल झाला. काठावर पेढीचे रंगाचे कारखाने उभे राहिले. शामला आधी तांबडी झाली, मग काळी. मासे पालथे पडले. मग पाळणे रिकामे होऊ लागले.

भानुमती रोज संध्याकाळी माळावर जाई आणि पहिल्या दारापुढे उभी राही. "बाबा, जेवलात का?" असे विचारी. बापाच्या आवाजात दार म्हणे, "आम्ही आपलेच. आपले हित तेच आमचे हित." ती घरी परते. मुका बाप तिच्या तोंडाकडे बघे आणि मान वळवी.

एके दिवशी ती उठली आणि अरण्यात गेली. तिथे जुन्या वडाच्या ढोलीत एक धनेशीण अंडी उबवायला तोंड चिखलाने लिंपून आत बसली होती. फटीतून फक्त चोच दिसे. ज्या सागवानाची दारे झाली, ते कापताना तिने पाहिले होते.

"काय हवे?" धनेशिणीने विचारले.

"वडिलांचा आवाज."

"तो कोणत्या बोलावर गेला?"

"'मी गावचाच' या बोलावर."

"मग तो बोल मोडला की परत येईल. गावच्या माणसाला तीन देणी असतात. मेलेल्याला खांदा, गावच्या पाण्याचा घोट, आणि निवडीतून पाप झाले तर शिर. तिन्ही माग. दार आपल्या तोंडाने 'मी गावचा नव्हे' म्हणाले, की मंत्र तुटला."

"आणि किंमत?"

"ती मला दिसत नाही. मी ढोलीत आहे."

भानुमती परतली, तो यमुना कुंभारीण काळ्या पाण्याने मेलेली. भानुमतीने तिरडी माळावर नेली आणि दारांकडे खांदा मागितला. यमुनेच्याच आवाजात दार म्हणाले, "आम्ही गावचेच. खांदा नाही, म्हणून चंदन देतो." चंदन आले. माणसांनी ते डोळ्यांना लावले.

मग तिने नदीचे पाणी भरून नेले आणि एक घोट घ्या म्हणाली. "आम्ही गावचेच," दारे म्हणाली, "पण आम्हांला घसा नाही." संध्याकाळी घरोघरी दूरच्या झऱ्याच्या पाण्याच्या चांदीच्या झाऱ्या पोचल्या. तहानलेले लोक प्याले. कोण नाही म्हणेल?

मुनीम हसून म्हणाला, "भानुताई, आणखी काही मागणे असेल तर सांगा. पेढी कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाही."

भानुमती राजाकडे गेली. राजापाशी एक तलवार होती. तिला हात लागत नसे. माणसाने तिच्याखाली मान ठेवायची. त्याच्या निवडीतून पाप झाले असेल तर ती आपोआप उतरे, नसेल तर जागची हलत नसे.

"नदी मारणाऱ्याला माझ्या राज्यात एकच शिक्षा आहे," राजा म्हणाला. "तुझी फिर्याद कुणावर?"

"नीरपूरवर. ज्याचे ज्याचे मत आहे, त्या सर्वांवर."

"त्यात तुझे घर आहे."

"आहे, महाराज. तलवार निरपराधाला कापत नाही."

"ती दयाही करत नाही," राजा म्हणाला.

भानुमतीने ते ऐकले, पण थांबली नाही. तिच्या डोळ्यांपुढे दारे होती.

तलवार चौथऱ्यावर टांगली गेली. नगर जमले, आणि दारेही माळावरून उपटून आणली. भानुमतीने पहिल्याने मान ठेवली. तलवार हलली नाही. ती उठली, आणि लोकांकडे वळून प्रथमच हसली.

तिच्यामागून गुणाकर पायऱ्या चढला. त्याने आपल्या छातीवर हात ठेवला, मग पहिल्या दाराकडे बोट दाखवले. तेव्हा तिला उमगले. पहिले मत दाराला कोणी दिले, हे ती विसरली होती. तो विसरला नव्हता.

"बाबा, तुम्ही नको," ती म्हणाली.

त्याने तिच्या मस्तकावरून हात फिरवला आणि मान ठेवली. तलवार उतरली.

राजा म्हणाला, "आता पहिले दार."

शिपायांनी दार रक्तातच आडवे केले. मुनिमाने गप्प राहा म्हणून डोळ्यांनी खुणावले. पण आवाज माणसाचा असला, तरी भीती लाकडाची होती, आणि लाकूड पाते ओळखते. दार गुणाकराच्या आवाजात बोलले, "महाराज, मी गावचा नव्हे. मी नुसते लाकूड. मला शिर कुठले?"

त्यामागे सारी दारे ओरडली, "आम्ही गावचे नव्हे!"

तोच मंत्र तुटला. दारे पालथी पडली. मुनीम उभ्या जागी भुसा झाला. कोंडलेले आवाज थव्याने उडाले आणि आपापल्या गळ्यांत शिरले. यमुनेचा आवाज कुंभारवाड्यात गेला, रिकाम्या चाकाला शिव्या देत बसला, आणि विरला.

गुणाकराच्या आवाजाने चौथऱ्याला घिरट्या घातल्या. गळा सापडेना. मग तो घराकडे निघाला. भानुमती मागे धावली. ओट्यावर कुणी नव्हते. तिथून आवाज आला, पूर्वीसारखाच भरदार.

"पानं वाढलीत. निवतंय सगळं, ये."

मग तोही विरला. आत चूल थंड होती.

शामला निवळायला पुष्कळ वर्षे लागली. नीरपुरात आजही जेवू घालणाऱ्याला मानाने पंगतीत बसवतात, चौथऱ्यावर मात्र चढू देत नाहीत. राजाने तलवार तिथेच ठेवली आहे. निवडीच्या दिवशी प्रत्येक जण आधी वर बघतो, मग नाव घेतो. भानुमती चढते, तेव्हा ती वर बघत नाही. ती आपल्या ओट्याकडे बघते.